डब्याचा धंदा, घरची खोली आणि भाच्याने काढलेला तोटा

लोकमान्यनगरवाली

नमस्कार मंडळी. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते आणि भंवरकुआच्या कोचिंगच्या मुलांना डबे देते. सध्या ३५ डबे आहेत, दोन वेळचे, महिन्याला ३,००० रुपये. माझा भाचा बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे. रविवारी पोहे खाता खाता त्याने माझी हिशेबाची वही ओढली आणि चहा यायच्या आत जाहीर केलं, “मावशी, तू महिन्याला ९,५०० रुपये तोट्यात आहेस.”

माझा हिशेब सरळ आहे. जमा १,०५,०००. किराणा, भाजी, तेल, दूध, गॅस मिळून ५८,०००. पोळ्यांना बाई येते तिचे ९,०००, डबे पोचवणाऱ्या मुलाचे ८,०००. हातात राहतात ३०,०००. जागा घरची, पुढची शटरवाली खोली. राबणं माझं. म्हणजे ३०,००० नफा, बरोबर ना?

भाचा म्हणतो, नाही. पलीकडच्या गल्लीतला झेरॉक्सवाला ती खोली १०,५०० भाड्याने मागतोय, ते धर. मी आधी ज्या बालवाडीत शिकवायचे ते १४,००० वर परत बोलावतायत, ते धर. एका मेसवाल्याने स्वयंपाकघर सांभाळायला १५,००० देऊ केले होते, तेही धर. झाले ३९,५००. वर मागच्या वर्षी घेतलेला ४६,००० चा फ्रीझर अजून ‘वसूल’ झालेला नाही, तो वेगळाच. याला ‘अवसर लागत’ म्हणतात, पुस्तकात आहे म्हणे.

जे पैसे माझ्या हातून गेलेच नाहीत ते खर्चात कसे धरायचे? आणि सासूबाईंचं तिसरंच. त्या म्हणतात, एवढ्या पैशाचा फ्रीझर घेतलाय, आता बंद करायची भाषा काढायची नाही. मला बंद करायचंच आहे असं नाही, पण बालवाडीला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. कोणी नीट समजावेल का? भाच्याच्या वर्गात दोन गवयांच्या तिकिटांचं एक कोडंही दिलंय, त्याची चार मुलांनी चार उत्तरं काढली. तेही जमलं तर सांगा, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.

जुनाइंदूरी

ताई, पोरांचं मनावर घेऊ नका. घरच्या खोलीचं भाडं कोणी स्वतःला देतं का? तुमच्यामुळे ३५ पोरं पोटभर जेवतात, एका बाईची चूल पेटते, चोइथराम मंडीत भाजीवाल्याचा माल उठतो. पैसा फिरतोय ना, मग तोटा कसला? आपल्या एबी रोडवरच्या बीआरटीएसचं, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गाचंच घ्या. बांधताना लोकांना काम मिळालं, काढतानाही मिळालं. बाजारात पैसा खेळता राहिला की झालं.

खतावणी

ताई, मी बीकॉमच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्यामुळे तुमचा भाचा मला न भेटताही चांगला ओळखीचा आहे. असे दरवर्षी चार-पाच असतात. धडा वाचल्या वाचल्या घरातल्या कोणाला तरी तोट्यात काढतात. त्याने भाडं धरलं ते मात्र बरोबर केलं, तेवढी शाबासकी द्या.

खोली तुमची आहे म्हणून ती फुकट होत नाही. शटरच्या आत कांदे-बटाट्याची पोती, फ्रीझर आणि डब्यांच्या चळती आहेत म्हणून तिथे झेरॉक्सचं मशीन बसत नाहीये. दर महिन्याला न येणारे १०,५०० हा त्या पोत्यांच्या मुक्कामाचा खर्च. वहीत तो दिसणार नाही, कारण वही हातातून गेलेल्या पैशाचीच असते. वही चूक नाही. इन्कम टॅक्सला तीच लागते, आणि तिथे हे १०,५०० खर्चात दाखवायला जाऊ नका, वकील हसेल. पण धंदा ठेवू की सोडू, हे विचारलंत तर ती वही अपुरी पडते.

आता भाच्याचा घोटाळा. बालवाडी आणि मेस, दोन्ही पगार त्याने जोडले. सकाळी आठ ते एक तुम्ही बालवाडीत मुलांना गाणी म्हणवून घेत असाल तर त्याच वेळी मेसमधल्या फोडण्या कोण बघणार? डबे सोडलेत तर या दोघांपैकी एकच नोकरी होईल. हुकलेल्या पर्यायांतला जो सगळ्यात बरा, तेवढाच धरायचा. सगळ्यांची बेरीज घेत बसलं तर अंबानींचा धंदाही तोट्यात निघेल, कारण माणूस न केलेल्या गोष्टी कितीही मोजू शकतो. खोलीचं भाडं मात्र जोडायचं. तुम्ही बालवाडीत असताना झेरॉक्सवाला खोलीत बसू शकतो, त्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. एकत्र जमतं ते एकत्र धरायचं, जमत नाही ते धरायचं नाही. वर्गात या एका ओळीवर माझा अख्खा तास जातो.

मेसचे १५,००० बालवाडीपेक्षा जास्त आहेत, मग तोच ‘सगळ्यात बरा’ का नाही, असं तो विचारेल. ते तुम्ही ठरवायचं. रात्री दहापर्यंत दुसऱ्याच्या भट्टीपाशी उभं राहणं तुम्हाला १,००० रुपये जास्त मिळूनही नको असेल, तर तुमच्यासाठी बालवाडी वरचढ. अर्थशास्त्र याला हरकत घेत नाही.

आणि १४,००० पुरे धरू नका. स्कूटीचं पेट्रोल आणि वरखर्च मिळून १,५०० जात असतील तर १२,५०० धरा. भाच्याचं कोडं नेमकं इथेच अडतं, म्हणून तेही सांगून टाकते.

कोडं असं. एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचं तिकीट तुम्हाला फुकट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलन गाणार आहे, आणि क्लॅप्टन नसता तर तुम्ही तिथेच गेला असता. डिलनचं तिकीट ४० डॉलर. त्याला ऐकायला तुम्ही एरवी जास्तीत जास्त ५० मोजाल. बाकी खर्च नाही. क्लॅप्टनला गेलात तर संधी खर्च, म्हणजे भाच्याची ती ‘अवसर लागत’, किती, ०, १०, ४० की ५०? अपेक्षित उत्तर १०. डिलनकडे ५० चं सुख होतं, पण त्यासाठी ४० द्यावे लागले असते. हुकलं ते वरचं १०. ५० म्हणणारा तिकिटाचे पैसे वजा करायला विसरतो, जसा भाचा पेट्रोल विसरला. ० म्हणणारा तुमच्या बाजूचा आहे, ताई. तिकीट फुकट, म्हणून खर्च नाही!

भाच्याला सांगा, वर्गात चार उत्तरं आली म्हणून लाजू नये. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात १९९ जणांना हाच प्रश्न दिला होता. १० हे उत्तर २१.६ टक्क्यांचं आलं. डोळे मिटून चारातल्या एकावर बोट ठेवलं असतं तरी याहून जास्त बरोबर निघाले असते. आणि ही सगळी शिकलेली मंडळी, बरेच जण शिकवणारीसुद्धा. पुढे २०१२ मध्ये जोएल पॉटर आणि शेन सँडर्स यांनी उलट बाजू मांडली की खर्च मोजायची कुठली रीत घेता यावर चारही उत्तरांची वकिली करता येते. मला विचाराल तर परीक्षेत १० लिहावं आणि घरी दोन्ही रकाने पूर्ण मांडावेत. इकडचं निव्वळ किती, तिकडचं निव्वळ किती. ते केलं की ‘खर्च’ ही पाटी कुठल्या आकड्यावर लावली याने निर्णय हलत नाही.

फ्रीझरची गोष्ट मजेशीर आहे. भाचा म्हणतो ४६,००० वसूल नाही झाले, म्हणून धंदा वाईट. सासूबाई म्हणतात ४६,००० घातलेत, म्हणून धंदा सोडायचा नाही. दोघं भांडतायत, पण चुकतायत एकाच जागी. ते पैसे गेले. डबे चालू ठेवलेत तरी गेले, उद्या बंद केलेत तरी गेले. हा बुडीत खर्च, पुढच्या निर्णयात त्याला मत नाही. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग छापला. अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाची वर्षभराची तिकिटं काहींना पूर्ण दराने, काहींना नकळत सवलतीत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण पहिल्या काही महिन्यांत पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले. आपल्याकडे नाटकं आणणाऱ्या ‘सानंद’ संस्थेचं वर्षाचं सभासदत्व घेतलेला माणूस ताप अंगावर काढून नाटकाला येतो, तोच प्रकार.

फ्रीझरबद्दल विचारायचं ते वेगळं. फ्रीझर आणि मोठी भांडी आज विकली तर काय येईल? समजा ३०,०००. ते एफडीत ७ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला पावणेदोनशे. वापरून वर्षभरात त्यांची किंमत आणखी ६,००० उतरेल, म्हणजे महिन्याला ५००. एकूण ६७५. फ्रीझरचा खरा मासिक खर्च एवढाच.

आता मांडा. भाडं १०,५००, नोकरी १२,५००, फ्रीझर-भांडी ६७५. झाले २३,६७५. तुमच्या ३०,००० मधून वजा केले की ६,३२५ उरतात. बालवाडी अधिक भाडं, यापेक्षा डब्यांत तुम्ही एवढ्याने पुढे आहात. तोटा नाही, पण ३०,००० देखील नाही.

पण एक सांगा, घरच्यांचं जेवण त्याच पातेल्यातून निघतं का? निघत असेल तर हिशेब फिरेल.

जुनाइंदूरी दादा, तुमच्याशी थोडं भांडायचंय. फ्रेंच लेखक बास्तिया याने १८५० मध्येच याचा समाचार घेतलाय. पोराने काच फोडली, काचवाल्याला काम मिळालं, लोक म्हणाले चला, पैसा फिरला. पण दुकानदाराने त्याच पैशात जोडे घेतले असते, तो चांभार कोणाला दिसत नाही. काच फुटली नसती तर दुकानदाराकडे काच आणि जोडे, दोन्ही असते. बीआरटीएसवर २०१३ मध्ये बस धावू लागली, नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्ग काढायची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली. काढणं योग्य की अयोग्य यात मी पडत नाही, एबी रोडवर रोज अडकणाऱ्याने ते ठरवावं. पण ‘तोडायला माणसं लागतात’ हे काढण्याच्या बाजूचं कारण नव्हे, आणि ‘एवढे कोटी घातले होते’ हे ठेवण्याच्या बाजूचं कारण नव्हे. रस्ता पुढे कसा चालेल आणि त्यासाठी आता काय द्यावं लागेल, तेवढंच तोलायचं.

पळसीकरकॉलनी

खतावणी ताईंनी एक राहू दिलं. आमच्या कॉलनीत एकीचे डबे छान चालायचे. तिचं बघून आणखी चौघींनी सुरू केले. मुलं तेवढीच, त्यामुळे आता पाचही जणी दर पाडून बसल्यात आणि पोळ्यांची बाई पगार वाढवून मागते. एकीला जमलं ते सगळ्यांना एकदम जमेलच असं नाही. भाचा उद्या ‘३५ चे ७० कर’ म्हणाला तर हेही ऐकवा.

लोकमान्यनगरवाली

खतावणी ताई, वाचून दोनदा चहा गार झाला. हो, घरचं जेवण त्याच पातेल्यातून. आम्ही तिघं. डबे सुरू व्हायच्या आधी किराणा-भाजीला महिन्याला ७,००० च्या आसपास जायचे, ते आता वेगळे जातच नाहीत. ५८,००० मध्येच आलं ते. आणि मेसचं तुम्ही बरोबर ओळखलंत. त्या भट्टीपाशी मी १५,००० काय, २०,००० लाही उभी राहणार नाही.

जुनाइंदूरी दादा, तुम्ही माझी बाजू घेतलीत, बरं वाटलं.

खतावणी

मग तर झालंच. डबे बंद केलेत तर ते ७,००० पुन्हा खिशातून जायला लागतील. म्हणजे डब्यांच्या बाजूने तेवढे आणखी. ६,३२५ अधिक ७,०००, एकूण १३,३२५. बालवाडीला नाही म्हणायला एवढं पुरेसं आहे, निदान पैशापुरतं. पाठ किती दुखते, सणावाराला सुट्टी मिळते का, बालवाडीतल्या पोरांची आठवण येते का, याचे आकडे तुम्ही तुमच्या मनाने घाला. ते शून्य नसतात.

भाचाच_मी

मावशीने लिंक पाठवली. खतावणी मॅडम, दोन नोकऱ्या जोडल्या ते कळलं. पण एक पटत नाही. खोलीचा खर्च १०,५०० म्हणजे १०,५००, बरोबर? मग मे-जूनचं काय? ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा झाली की मुलं घरी जातात, राज्यसेवेची तयारी करणारे एमपीपीएससीवाले तेवढे उरतात. मागच्या जूनमध्ये मावशीकडे १८ डबे होते. तेव्हा खोलीचे १०,५००, नोकरीचे १२,५०० वजा केले तर सरळ तोटाच येतो. मग जूनपुरतं बंद ठेवायला नको का?

खतावणी

शाब्बास, हा प्रश्न पुस्तकातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा बरा आहे.

जूनपुरतं बंद करायचं म्हटलं तर हुकतंय काय, ते बघ. झेरॉक्सवाला एका महिन्यासाठी मशीन, पाटी आणि मीटर घेऊन येईल का? नाही. मग जूनच्या प्रश्नात खोलीचा संधी खर्च शून्य. बालवाडी उन्हाळ्याच्या एका महिन्यासाठी मावशीला घेईल का? तेही नाही. मग नोकरीचाही शून्य. तीच खोली, तीच मावशी, पण ‘हा धंदाच ठेवू का’ या प्रश्नात २३,००० चा खर्च आणि ‘जूनमध्ये चूल पेटवू का’ या प्रश्नात काही नाही. आधी प्रश्न नीट विचार, मग आकडा शोध. उलटं केलंस की गोते खाशील.

आता मांडून बघ. १८ डबे, ५४,००० जमा. ५८,००० मधून घरचे ७,००० काढले तर ३५ डब्यांचं सामान ५१,००० चं होतं, म्हणजे डब्यामागे साधारण १,४५० रुपये. १८ ना २६,००० च्या आसपास. बाई आणि मुलगा मिळून १७,०००. हातात ११,०००. बंद ठेवलं तर पोळ्यांची बाई टिकवायला तिला निदान अर्धा पगार द्यावाच लागेल, नाहीतर जुलैत ती दुसऱ्या मेसमध्ये दिसेल. म्हणजे बंद ठेवून ४,५०० उलटे खिशातून. दोन्हींत फरक १५,५०० चा, आणि तो चालू ठेवण्याच्या बाजूने. घरचं जेवण दोन्हीकडे लागणारच, म्हणून त्यात मी शिरत नाही. शिवाय पीएससीची मुलं एकदा दुसरीकडे जेवायला लागली की परत येतीलच याची खात्री नाही.

जूनमध्ये खरोखर काही हुकत असेल तर ती मावशीची सुट्टी. तिला महिनाभर माहेरी जाऊन लोळायचं असेल आणि ते १५,५०० पेक्षा मोलाचं वाटत असेल तर तिने खुशाल शटर ओढावं. तो आकडा तू काढायचा नाहीस.

लोकमान्यनगरवाली

माहेर धारला आहे. दुपारचे डबे गेले की बसने जाऊन येते, मुक्काम लागत नाही. जूनमध्ये चालूच ठेवणार. बालवाडीला उद्या फोन करते.

जुनाइंदूरी

मी काच फोडणाऱ्या पोराच्या बाजूने नव्हतो हो. पण झेरॉक्सवाल्याला माझ्याकडे पाठवा, स्नेहनगरात माझी एक खोली रिकामी पडलीय. आता तिचंही भाडं रोज बुडतंय असं वाटायला लागलं.

भाचाच_मी

मॅडम, शेवटचं. परीक्षेत डिलन-क्लॅप्टनऐवजी मावशीच्या जूनचं उदाहरण लिहिलं तर चालेल का?

खतावणी

चालेल, पण आधी व्याख्या लिही. तिचे दोन गुण असतात आणि मुलं तीच गाळतात. आणि पेपर तपासणाऱ्याला डब्याचा दर सांगत बसू नकोस, एका परिच्छेदात उरक.